पोटाला चिमटा

बाटली माझ्या करंगळीच्या पेराएवढी.
तळाशी पांढरी भुकटी,
नोव्हेंबरात गोठ्याच्या काचेवर धरतं तसलं हिव.
लेबलवर बारीक अक्षरांत:
फक्त संशोधनासाठी. माणसांना देऊ नये.
लायल म्हणाला, मग आपण संशोधन करू.
आणि हसला, पण फ्रिजकडे तोंड करून.

सदतीस किलो गेले त्याचे, दोन वर्षांत.
पाय सोडला, म्हणजे सफरचंदाचा पाय; सोडा सोडला;
प्लॅट नदीच्या बंधाऱ्यावर बर्फातसुद्धा चालला.
चर्चमध्ये लोक मला विचारायचे, बरा आहे ना तो?
बरा होता.
फक्त बेंबीखालची ती एक घडी.
आंघोळ झाल्यावर दोन्ही हातांनी उचलून धरायचा तिला,
दुसऱ्याची वस्तू परत करायची राहून गेल्यासारखी.

तीस वर्षं धान्याच्या कोठारावर ट्रक तोलले त्यानं.
भरलेला येतो, आकडा लिहायचा.
रिकामा जातो, आकडा लिहायचा.
मधला फरक, तेवढाच मका.
रात्री अंधारात म्हणाला,
लॉरेटा, मी रिकामा किती भरतो
ते कुणी लिहूनच ठेवलं नाही गं.

पेप्टाइडचं नाव काढलं ह्रुस्कानं, बोलिंगच्या रात्री.
त्याच्या मेव्हण्याचं पोट म्हणे सहा आठवड्यांत
इस्त्री केल्यासारखं झालं.
दवाखान्यातल्या मार्गोला मी विचारलं.
ती म्हणाली, या बाटलीत काय आहे ते मला ठाऊक नाही,
विकणाऱ्याला तरी असेल का, देव जाणे.
आणि चरबी जाते कधी कधी,
ताणलेली कातडी कुठल्याच सुईनं जात नाही.
हे सगळं मी घरी सांगितलं.
लायल ऐकत होता, बाटलीत पाणी कसं सोडायचं
तो कागद वाचत.

टोचायचं मीच. त्याचे हात थरथरतात,
आणि माझ्या सासूला नऊ वर्षं इन्सुलिन
याच बोटांनी दिलंय.
सुई वर येईपर्यंत तो छताकडे बघतो,
चौदा वर्षांच्या मुलासारखा, नाकपुड्या फुगवून.

पंच्याऐंशी साली कोठार सात महिने बंद होतं.
पोटाला चिमटा काढून घराचे हप्ते भरले तेव्हा,
दोघांनी, एकमेकांना न सांगता
आपल्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात सरकवत.
आता हा खरोखरचा चिमटा:
अंगठा आणि तर्जनी, मधे त्याची घडी.

दहा दिवस टोचलं.
अकराव्या दिवशी चिमटीत धरलं
आणि माझी बोटं एकमेकांना लागली.
मधे काहीच नव्हतं.
कातडीला कातडी, धुऊन धुऊन विरलेल्या उशीच्या खोळीसारखी,
जिच्यातला कापूस कधीच काढून नेलाय कुणीतरी.
याच पोटावर झोपायची आमची ट्रूडी, कान लावून,
आत रेल्वे आहे म्हणायची.
तो छताकडे बघत होता.
मी विचार केला, काही झालंच याला,
तर हात माझा असेल.

टोपण न काढता सुई बाजूला ठेवली.
नखानं टोचलं, हलकंसं.
कापूस फिरवला स्पिरिटचा, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.
झालं? म्हणाला.
झालं, म्हटलं.
आज लागलंसुद्धा नाही. हात बसला तुझा.

सिरिंजमधलं बेसिनमध्ये सोडलं, नळ मोठा करून.
बाटली परत बीटच्या लोणच्यामागे.
फेकून देणं जमलं नाही; एकशे चाळीस डॉलर होते तिचे,
आणि त्याची आशा किती डॉलरची
ते मला काढता आलं नाही.

रोज रात्री नऊ वाजता नख.
काल त्यानं टेप लावला. मला हाक मारली.
पाव इंच कमी भरला, बघ, म्हणाला,
श्वास आत ओढून धरलेला, चेहरा लाल.
बघितलं, म्हटलं.
आणि उरलेलं सगळं पोटात ठेवलं.
माझं पोट अजून कुणी मोजलेलं नाही.
आहे तिथे जागा.